साळिंदरांची छाती पलटण

एका डोंगराच्या पोटाशी, करवंदीच्या जाळीआड, साळिंदरांची एक पलटण राहत असे. पोरांनो, हसू नका. आधी साळिंदर म्हणजे काय ते समजून घ्या, मग हसा. त्याच्या पाठीवर हात-हातभर लांब, काळे-पांढरे काटे असतात. शेपटीला पोकळ नळ्या असतात, त्या हलवल्या की खुळखुळ वाजतात. हे झालं मागच्या बाजूचं. पुढून मात्र काही नाही. पुढून एक ओलं नाक, चार दात आणि घाबरलेलं तोंड. देवानं त्याची सगळी हत्यारं मागं ठेवलीत. एवढं ध्यानात ठेवलंत की गोष्ट कळेल. नाही ठेवलंत तर मध्येच 'म्हणजे काय, म्हणजे काय' करायचं नाही.

या पलटणीचं नाव होतं छाती पलटण. तिचा हवालदार एक जाडजूड साळिंदर होता. तो ताठ उभा राहिला तरी त्याचं पोट जमिनीला टेकायचं, पण त्याला तो छातीच म्हणायचा. पलटण त्यानंच उभी केली होती आणि ती केली होती एका पोवाड्यावरून.

त्याचं असं झालं होतं. हा हवालदार अंगावर नीट काटेही न फुटलेलं पिल्लू होता तेव्हा कोळसुंदे आले होते. कोळसुंदे म्हणजे तांबडे रानकुत्रे, टोळीनं फिरतात आणि जिवंतपणीच खायला सुरुवात करतात. साळिंदरांच्या बिळांपुढं दोन मोठ्या शिळा आहेत, त्यांच्यामधल्या फटीला सगळे खिंड म्हणतात. खिंड कसली, दोन साळिंदरं शेजारी-शेजारी उभी राहिली की भरली. त्या फटीत सात साळिंदरं उभी राहिली. बायका-पोरं मागच्या वाटेनं डोंगरावर जाईपर्यंत त्यांनी कोळसुंद्यांना आत येऊ दिलं नाही. सातही मेली. त्यांचा पुढारी म्हणजे या हवालदाराचा बाप.

पुढं त्यावर बुलबुल शाहिरानं पोवाडा रचला. डोक्यावर तुरा असला की आपण शाहीर, अशी त्याची समजूत होती. पोवाडा असा :

"सात उभे ते खिंडीमध्ये, सातांनी ना पाठ दाविली,
छातीवरती घाव झेलिले, रक्ताने ती शिळा न्हाविली!"

ऐकायला झकास. पण बुलबुलानं ती लढाई बघितलीच नव्हती. त्या दिवशी तो दोन टेकड्या पलीकडं उंबरावर बसला होता, कारण उंबरं पिकली होती. आणि 'ना पाठ दाविली' ही ओळ त्याच्याकडं तयारच असायची. गव्यांच्या पोवाड्यात तीच ओळ, रानडुकरांच्या पोवाड्यात तीच. एकदा त्यानं सशांवर पोवाडा केला, तर त्यातही सशांनी पाठ दाखवली नव्हती! आता काय बोलायचं?

हवालदाराला बापाचं तोंड आठवत नव्हतं. त्याच्याकडं बापाची म्हणून एवढी एकच ओळ होती. ती ऐकत तो मोठा झाला, आणि मोठा झाल्यावर त्यानं त्या ओळीची कवायत केली.

रोज सकाळी पलटण खिंडीत उभी राहायची. हवालदार ओरडायचा, "छाती पुढं! नाकं वर! काटे खाली!" शिपाई नाक पुढं काढून, काटे पाठीशी चापून उभे राहायचे. आता साळिंदर दचकलं की आपोआप मागं वळतं, ते त्याच्या रक्तातच आहे. ते मोडायला हवालदार चोरपावलांनी यायचा आणि शिळेवर सुकं बेलफळ आपटायचा. जो वळेल त्याला तीन दिवस कंद बंद. एवढ्यानं भागेना, तर कधीकधी तो एकदम गरजायचा, "पाठ दाखवा!" नवीन शिपाई बिचारे हुकूम समजून वळायचे, की यानं पकडलंच. "पाठदाव्या! खिंडीतल्या सातांचं नाव बुडवलंस! कंद बंद!" हळूहळू सगळे शिकले. 'पाठ दाखवा' ऐकलं की ते पाय आणखीनच रोवून उभे राहायचे.

याचा त्रास घरोघरी व्हायला लागला. छाती पलटणीचा शिपाई कुणालाच पाठ दाखवायचा नाही. हवालदारासमोरून निघाला तरी उलट्या पावलांनी, ओढ्यावरून परतला तरी उलट्या पावलांनी. बिळातही तो मागच्या मागं शिरायचा आणि आत निजलेल्या बायकोला टोचायचा.

"अहो, सरळ या की जरा!"

"पलटणीचा नियम आहे."

"मग पलटणीतच निजत जा!"

अशी भांडणं बिळाबिळांतून चालायची. पण पलटणीचा दरारा होता. आणि खरं सांगायचं तर दरारा टिकायला सोपं होतं, कारण इतक्या वर्षांत कोळसुंदे तिकडं एकदाही फिरकले नव्हते.

दरसाल खिंडीचा दिवस साजरा व्हायचा. त्या वर्षीही झाला. पलटण ओळीनं उभी, हवालदार शिळेवर, बुलबुल करवंदीवर. बुलबुलानं गळा साफ केला आणि 'सातांनी ना पाठ दाविली' म्हटलं, तोच मागून आवाज आला.

"कुणी सांगितलं रे तुला?"

ती आत्या होती. हवालदाराच्या बापाची धाकटी बहीण. उरलेल्या एका दातानं हाडूक कुरतडत ती बिळाच्या तोंडाशी बसली होती. त्या लढाईच्या दिवशी मागच्या वाटेनं सगळ्यात शेवटी निघालेली तीच, आणि ते आठवणारी आता जिवंत उरलेलीही तीच.

"आत्याबाई, पोवाडा चाललाय," हवालदार दबक्या आवाजात म्हणाला.

"चालू दे की. पण खोटं का चाललंय? तुझ्या बापानं पाठच दाखवली. सातांनीही दाखवली. मी होते तिथं."

बुलबुलाचा तुरा आपोआप खाली बसला.

"माझा बाप पळाला म्हणतेस?" हवालदाराचा आवाज फाटला.

"पळाला कुठं म्हणतेय? पाठ दाखवली म्हणतेय. अरे येड्या, साळिंदराकडं दाखवायला दुसरं आहे तरी काय?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. हवालदारानं त्या रांगेकडं बघितलं, तेव्हा ते हसू तिथंच मेलं.

"इतकी वर्षं का नाही बोललीस मग?"

"बोलायचं काय? गाणं बरं होतं. त्यात दादाचं नाव होतं. मीही मान डोलवली. मला काय ठाऊक तू गाण्यावरून पोरांची नाकं उघडी पाडायला लावशील!"

"आत्याचं वय झालंय," हवालदार पलटणीला म्हणाला. "आत न्या तिला. आणि यापुढं खिंडीच्या गोष्टी पलटणीसमोर कुणी काढायच्या नाहीत."

आत्या हाडूक तोंडात धरून आत गेली. जाताना भरपूर पाठ दाखवून गेली. हवालदारानं पोवाडा पहिल्यापासून म्हणायला लावला. पण त्या दिवशी त्याला कंद गोड लागला नाही. बापाची एकच वस्तू होती, आणि तीही म्हातारीनं हात लावून मळवली, असं त्याला वाटत राहिलं.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी, कोवळं ऊन पडलं असताना, कोळसुंदे आले. बारा होते. आधी वाऱ्यावर वास आला, मग शीळ. कोळसुंदे भुंकत नाहीत, शीळ घालतात, आणि ती शीळ ऐकली की हरणाचेही पाय गळतात. बिळांत बायका होत्या, नुकती जन्मलेली पिल्लं होती. मागच्या वाटेवर पावसाळ्यात दरड कोसळली होती, त्यामुळं त्या वाटेनं जायची सोयही उरली नव्हती. आत जायचं-यायचं दार एकच, खिंड.

"पलटण! छाती पुढं!"

दोघं-दोघं करून पलटण खिंडीत उभी राहिली. सगळ्यांत पुढं हवालदार आणि त्याच्या डाव्या हाताला एक थोराड शिपाई. नाकं वर. काटे खाली.

कोळसुंदे वीस पावलांवर येऊन थांबले आणि बघतच राहिले.

"काका," एक तरणा कुत्रा म्हणाला, "यांची तोंडं आपल्याकडं का आहेत?"

"गप्प. मीही तेच बघतोय," म्होरक्या म्हणाला. त्यानं आयुष्यात साळिंदरं बघितली होती, त्याच्या ओठावर जुन्या काट्याचा वण होता. पण असली साळिंदरं बघितली नव्हती. "काहीतरी डाव आहे. एवढं मऊ नाक कुणी उगाच पुढं करत नाही."

कोळसुंदे खाली बसले आणि विचार करायला लागले. हवालदाराला ते बघून छाती आणखी फुगल्यासारखी वाटली. "बघा रे," तो शिपायांना म्हणाला, "नुसत्या छातीला घाबरले!"

बराच वेळ कोणी हललं नाही. शेवटी त्या तरण्या कुत्र्याला दम निघेना. तो सरपटत पुढं आला आणि त्यानं थोराड शिपायाचं नाक धरलं. शिपाई कळवळला, पण वळला नाही. नियम म्हणजे नियम. नाकाचा शेंडा कुत्र्याच्या तोंडात राहिला.

"काका!" तो ओरडला. "काही नाही हो! नुसतं मऊ आहे!"

मग काय, सगळेच उठले. कुणी शिपायाचा कान धरला, कुणी पंजा. पलटण छातीवर घाव झेलायला लागली, अगदी पोवाड्यात होतं तसंच. फरक एवढाच की पोवाड्यात ते ऐकायला बरं वाटायचं आणि इथं फार दुखत होतं. पलटण एकेक पाऊल मागं सरकत होती. तीही तोंड पुढं ठेवूनच, उलट्या पावलांनी, म्हणजे मागच्यांचे काटे पुढच्यांना टोचत नव्हते पण पुढच्यांचे मागच्यांच्या तोंडात जात होते. हवालदाराच्या गालातून रक्त वाहत होतं. मागं बिळांतून पिल्लांची चूंचूं ऐकू येत होती. आता आणखी दहा पावलं सरकलं की खिंड संपणार होती.

"ए मुडद्यांनो! वळा की!"

आत्या बाहेर आली होती. रांगांतून वाट काढत ती हवालदाराच्या मागं येऊन उभी राहिली.

"आत जा आत्या!"

"जाते. आधी ऐक. त्या दिवशी मी इथंच होते. तुझा बाप तिथं, तू आहेस तिथंच होता. आणि मला त्याचं तोंड दिसत होतं. दिसत होतं ना? मग छाती कोळसुंद्यांकडं असती तर मागच्या मला त्याचं तोंड दिसलं असतं होय रे?"

हवालदार एका कुत्र्याला दात दाखवत होता. तो थबकला. हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"तोंड आमच्याकडं, काटे तिकडं. शेवटपर्यंत आमच्याकडं बघत होता तो. आम्ही निघतोय की नाही ते बघत होता."

"काय म्हणाला मग? शेवटी?" कुत्रा अंगावर येत असतानाही हवालदारानं विचारलं. पोवाड्यात बाप म्हणतो, 'लढा वीरहो'.

"शेवटी? मला ओरडला. 'अगं ए, पोराला उलटं धरलंयस! डोकं वर कर त्याचं!' अशी घाई झाली होती मला. ते पोर म्हणजे तू." एवढं बोलून आत्या रांगांतून मागं बिळांकडं सरकली.

हवालदारानं हुकूम द्यायला तोंड उघडलं, पण ते दोन शब्द जिभेवर येईनात. आयुष्यभर ज्यासाठी दुसऱ्यांचे कंद बंद केले, तेच आता स्वतः मोठ्यानं म्हणायचं होतं. "पलटण... छाती..." तो अडखळला. "छाती... तिकडं! म्हणजे इकडं! म्हणजे मागं..."

"साहेब काय म्हणतायत?" मागचा एक कुजबुजला.

"गाल फाटलाय त्यांचा. शब्द फुटत नाहीत."

शेवटी हवालदारानं डोळे मिटले आणि जीव खाऊन ओरडला, "पलटण! पाठ दाखवा!"

एकही शिपाई हलला नाही. उलट सगळ्यांनी पाय आणखी रोवले आणि नाकं आणखी वर केली.

"अरे पाठ दाखवा! हुकूम आहे!"

"परीक्षा घेतायत," थोराड शिपाई तुटक्या नाकातून म्हणाला. "खबरदार कुणी वळाल तर."

"परीक्षा नाही रे गाढवांनो! खरंच दाखवा!"

"नेहमी असंच म्हणतात," दुसरा म्हणाला.

हवालदाराला कळून चुकलं की आता शब्दांनी काम होणार नाही. पलटणीला आपण जे शिकवलं ते तिला फार छान आलंय, हे त्याला तेव्हा समजलं, आणि कुठल्याही हवालदाराला इतका राग कधी आला नसेल. समोर म्होरक्या झेप घ्यायला दबून बसला होता. हवालदार सगळ्या पलटणीसमोर, दिवसाढवळ्या, शत्रूकडं पाठ करून उभा राहिला.

पलटणीच्या तोंडचं पाणी पळालं. हवालदारासमोर रक्तानं माखलेली नाकं होती, त्यांच्या मागं आत्या, आणि तिच्या मागं बिळांची तोंडं. एका बिळातून एक पिल्लू डोकं बाहेर काढून बघत होतं, त्याच्या आईनं ते मागं ओढलं. इतकी वर्षं तो खिंडीत उभा राहत होता, पण हे त्याला पहिल्यांदाच दिसलं. त्याचे काटे आपोआप उभे राहिले. शेपटी वाजायला लागली. आणि तो सगळ्या ताकदीनिशी मागं धावला.

म्होरक्यानं झेप घेतलीच होती. हवेत असताना त्याला पुढचं कळलं, पण हवेत कुत्र्याला थांबता येत नाही.

तो जो किंचाळला, ते ऐकून पलटणीला शिकवणीची गरज उरली नाही. "अरे, साहेबांची पाठ बघा!" कुणीतरी ओरडलं. थोराड शिपाई वळला, मग बाकीचे. सगळे काटे एकदम उभे राहिले तेव्हा वाळलेल्या बांबूच्या बनात वारा शिरल्यासारखा आवाज झाला.

"पलटण! माघार... पुढं!" हवालदार ओरडला. बरोबर शब्द कुठला ते त्याला तेव्हाही सापडला नाही. पण पलटणीला कळलं. अख्खी पलटण माघार घेत घेत शत्रूवर चालून गेली. अशी चढाई त्या रानानं कधी बघितली नव्हती. आत्या पुढं उभी राहून दिशा सांगत होती, कारण मागं काय चाललंय ते कुणालाच दिसत नव्हतं. "डावीकडं! डावीकडं रे! तुमच्या नाही, माझ्या डावीकडं! हां, आता बसा त्याच्यावर!"

तरण्या कुत्र्याच्या जिभेत तीन काटे गेले. म्होरक्याच्या तोंडाची तर चाळण झाली. बाराच्या बारा कोळसुंदे शेपट्या पायांत घालून खाली ओढ्याकडं पळाले, आणि त्यांची पाठ मात्र साऱ्यांनी नीट बघितली.

बिळांतल्या एकाही पिल्लाला ओरखडा आला नाही. पलटणीत असा एकही नव्हता की ज्याला काही झालं नव्हतं. कुणाचा कान गेला, कुणाच्या पंजाचं बोट. दुपारी बुलबुल आला, कुठं काय झालं ते वरवर विचारलं आणि संध्याकाळपर्यंत पोवाडा तयारही केला. त्यात कुणी पाठ दाखवली नव्हती. शिपाई पोट धरून हसले, पण त्याला कुणी अडवलं नाही. गाणं ऐकायला बरं होतं. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी कवायत झाली ती पोवाड्यावरून नाही, तर आत्यानं शिळेवर बसून सांगितली तशी. ती हवालदारापेक्षा वाईट शिव्या द्यायची.

थोराड शिपाई त्या कवायतीला नव्हता. हवालदार त्याच्या बिळाशी गेला. शिपाई धडपडत उठला, नाकाला पाल्याचा लगदा लावला होता.

"साहेब," त्यानं विचारलं, "माझं काही चुकलं का? मी शेवटपर्यंत वळलो नाही म्हणून त्यानं नाक नेलं. आता मला वास येत नाही. जमिनीत कंद कुठं आहे ते कळत नाही."

हवालदार त्याच्या नाकावरचा सरकलेला पाला नीट करायला लागला. एरवी चूक कुणाची हे सांगायला त्याला वेळ लागायचा नाही.

"तुझं नाही चुकलं," तो म्हणाला. "तू बरोबर ऐकलंस. मीच चुकीचं सांगितलं."

आणि मग त्यानं पलटणीच्या हवालदारानं कधी केलं नव्हतं ते केलं. त्यानं शिपायाकडं पाठ केली, काटे चापून घेतले, टोचू नयेत म्हणून, आणि शेपटी वाजवत पुढं चालायला लागला. त्या खुळखुळण्यावर कान ठेवून शिपाई मागं-मागं निघाला. जिथं कंदाचा वास आला तिथं हवालदार थांबला, उकरलं, आणि बाजूला झाला. पुढं रोज सकाळी दोघं असेच निघायचे. हवालदार पुढं, शिपाई मागं, आणि जाळीतून खुळखुळ आवाज.

तात्पर्य : आपल्या माणसांनी पराक्रम केला असेल तर तो कसा केला हे बघणाऱ्याला विचारावं, गाणाऱ्याला नाही. गाणं मान डोलवायला असतं, त्यावरून कवायत बसवली की दुसऱ्यांची नाकं जातात.